आम्लयुक्त पदार्थ वापरू नयेत

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही तशी माझी नाही, फरशीची आहे. फरशीला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो आहे.

आमच्या गॅरेजात तीस वर्षं सिमेंटची काळी, खड्डे पडलेली जमीन होती. नट खाली पडला की तो शोधण्यात अर्धा दिवस जायचा. शेवटी मी मनावर घेतलं आणि इपॉक्सीची, म्हणजे जमिनीवर ओतून केलेली, फरशी करून घेतली. राखाडी, सलग, कुठे सांधा नाही. वाकून बघितलं की आपलं तोंड दिसतं. धाकटा म्हणाला, "दादा, म्हणजे आता रोज सकाळी हे बघायला लागणार?" धाकटा म्हणजे माझा भाऊ. गॅरेज आमच्या वडिलांचं. ते गेल्यावर आम्हा दोघांचं झालं, म्हणजे गाड्या धाकटा बघतो आणि धाकट्याला मी बघतो.

फरशी करणाऱ्या माणसाला आम्ही डॉक्टर म्हणतो. कारण तो गुडघ्यावर बसून लाकडी हातोडीने जमीन ठोकतो, कान लावतो आणि "हं" म्हणतो. काम झाल्यावर इतर कारागीर सामान उचलून पसार होतात. हा बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "साहेब, फरशी देऊन मी पळून जात नाही. मुलगी दिल्यासारखं आहे. दर सहा महिन्यांनी बघायला येणार, मधे काही झालं तर बोलवा." म्हणजे मी जावई, असं मी मनात म्हटलं आणि जरा ताठ बसलो.

त्याने एक कार्ड दिलं. पाच वर्षांची हमी आणि खाली अटी. सात दिवस गाडी चढवू नये. तापलेलं टायर थेट उभं करू नये. जॅकखाली रबर ठेवावं. ब्रेक ऑइल सांडल्यास लगेच पुसावं. सौम्य साबण वापरावा. आम्लयुक्त पदार्थ वापरू नयेत. आणि शेवटची अट अशी की देखभालीची रोज नोंद ठेवावी, नोंद नसेल तर हमी नाही.

धाकट्याने कार्ड वाचून परत दिलं आणि विचारलं, "यात गाडी दुरुस्त करावी असं कुठं लिहिलंय का?" त्याला जबाबदारीची जाणीव कधी होणार कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सात दिवस झाले. आज पहिली गाडी आत आली. टॅक्सीवाले काका आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणून पहिला मान त्यांना दिला. मी दारात उभा राहून त्यांना दहा मिनिटं थांबवलं, टायर निवू दे म्हणून. काका म्हणाले, "अहो, ब्रेक लागत नाहीत म्हणून आलोय, बाहेर उतार आहे!" धाकट्याने चाकाखाली वीट लावली म्हणून बरं.

काम झाल्यावर बघितलं तर फरशीवर बोटभर लांबीचा ओरखडा. मी धाकट्याला बोलावून दाखवला. तो वाकून बघत बसला, मग म्हणाला, "हा केस आहे दादा. तुझा." फुंकर मारली तर खरंच उडाला. असो. सावध असलेलं बरं.

देखभाल : झाडली, सौम्य साबणाने पुसली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज नुसतं "झाडली, पुसली" लिहायला मन घेत नाही. एवढी जाड वही आणली आहे. म्हणून मनातलंही थोडं लिहितो. टेबलाच्या खणात कुलपात ठेवतो, कुणी वाचायचा प्रश्न नाही.

तर मनातलं असं की फरशी कोण पुसतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मी बाई लावली आहे. मी सहाला येतो, पँट दुमडतो आणि स्वतः पुसतो. धाकटा नऊला येतो तोवर मी हात धुऊन टेबलाशी बसलेला असतो. मालकाने फडकं हातात घेतलेलं दिसलं तर धाक राहत नाही. आणि हिला कळलं तर मी मेलोच. बावीस वर्षांच्या संसारात मी घरातली केरसुणी कुठे असते हेदेखील विचारलेलं नाही.

पण पुसताना फार बरं वाटतं. का ते सांगता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सौम्य साबणाने चकाकी येत नाही. स्वच्छ होते, पण ती पहिल्या दिवसाची झळाळी नाही.

काल घरी ही आरसा पुसत होती. फडक्यावर पाणी आणि थोडं व्हिनेगर. आरसा असा लखलखला की मी विचारात पडलो. आज सकाळी बाटली पिशवीत घालून आणली आणि बादलीत अर्धी ओतली. झकास! टेबलासमोरची जागा, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं, तिथे दोनदा हात फिरवला.

कार्ड पुन्हा काढून वाचलं, कारण मी नियमाचा माणूस आहे. आम्लयुक्त पदार्थ वापरू नयेत. बरोबरच आहे. धाकटा बॅटरीचं ॲसिड कुठेही ठेवतो, त्याला आजच ताकीद दिली. "दादा, तीन महिन्यांत एकही बॅटरी उघडलेली नाही," तो म्हणाला. मग नाक वर करून हुंगला. "कसला आंबट वास येतोय रे?"

मी म्हटलं, नव्या फरशीचा असेल.

देखभाल : व्हिनेगरपाणी, एक बादली.

१० मार्च, सोमवार

देखभाल : व्हिनेगरपाणी, दोन बादल्या. समोरचा भाग जोर लावून.

ही विचारत होती, घरातलं व्हिनेगर कोण पितंय का. मी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

२१ मार्च, शुक्रवार

एक चांगला बदल झाला आहे. धाकटा आताशा गाड्या आत आणतच नाही. दाराबाहेर फूटपाथवर गोणपाट अंथरतो आणि तिथेच खोलून बसतो. गिऱ्हाइकं त्याच्याभोवती उभी असतात, हसणं खिदळणं चालू असतं. आत मी आणि फरशी. दिवसभरात एक डाग नाही. शेवटी त्याच्या डोक्यात माझं म्हणणं उतरलं म्हणायचं.

कोपऱ्यापलीकडच्या मोठ्या वर्कशॉपचा मालक आज आला होता. या आठवड्यात दुसऱ्यांदा. फरशी बघायलाच येत असणार, दुसरं काय? पण स्वाभिमान आडवा येतो, आत काही आला नाही. बाहेरच धाकट्याशी हळू आवाजात बोलत होता. धाकट्याचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघत होता. विचित्र माणूस आहे. मी आतून म्हटलं, "या की, बघा ना!" तर तो गडबडून निघूनच गेला. असूया वाईट.

एक मात्र खरं. धाकट्याने आज एक इंजिन नुसतं ऐकून सांगितलं की तिसऱ्या सिलिंडरमध्ये दोष आहे. खोललं तर तसंच निघालं. वडिलांनाही हे जमत नव्हतं. त्याला हे सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.

देखभाल : नेहमीप्रमाणे.

४ एप्रिल, शुक्रवार

फरशी आजारी आहे.

समोरच्या भागात चकाकी गेली. पांढुरकी पडली आहे, काचेवर वाफ धरावी तशी. पुसून जात नाही. टेबलासमोर सगळ्यात जास्त. मी व्हिनेगर वाढवलं, तरी उद्या आणखी पांढरी दिसेल की काय अशी भीती वाटते. मागच्या कोपऱ्यात, जिथे मी आळस करून नुसता झाडू फिरवतो, तिथे मात्र पहिल्यासारखी आहे. याचं मला नवल वाटतं.

कुणाचं तरी काम आहे हे. मी शोधून काढणार.

१६ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते लिहितो. माझीच बाजू बरोबर आहे, पण तरी लिहितो.

टॅक्सीवाले काका आले होते. ब्रेकचंच काम. धाकटा बाहेर काम करत होता आणि ब्रेक ऑइलचा डबा घ्यायला आत आला. डबा हातात, आणि चालला तो नेमका पांढऱ्या पडलेल्या जागेवरून. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्रेक ऑइल! कार्डावर लिहिलेलंच आहे.

मी ओरडलो. आवाज जरा चढला, मान्य आहे. "तूच! तुझ्या ब्रेक ऑइलने माझी फरशी खाल्ली! डोळे फुटलेत का? काम नीट येत नसेल तर निदान डबा नीट धरता येतो का?"

काका म्हणाले, "अहो, जाऊ द्या, त्याने काही..."

धाकट्याने त्यांना हाताने थांबवलं. डबा फळीवर ठेवला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट. मग मला म्हणाला, "तुझी फरशी?"

"मग कुणाची?"

त्याने डबा उचलला. बाहेर जाऊन काकांची गाडी पुरी केली, चालवून बघितली, किल्ली दिली आणि साडेचारलाच घरी गेला. एवढ्या वर्षांत तो साडेचारला कधी गेलेला नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे अंगण चांगलं होतं, नाचणाऱ्याने बिघडवलं. हे वाक्य मी घरी हिला ऐकवलं. ती हसली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

धाकटा वरच्या मजल्यावर राहतो, जेवायला खाली आमच्याकडे असतो. काल आला नाही, आजही नाही. ही ताट झाकून वर घेऊन गेली. खाली आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? "त्याला विचारा," म्हणाली.

देखभाल : व्हिनेगरपाणी. मन लागलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

धाकटा टेबलासमोर येऊन उभा राहिला. बाहेरूनच बोलायची सवय झाली होती, आज मुद्दाम आत आला. म्हणाला, "दादा, तीस तारखेपर्यंत आहे मी. एक तारखेपासून कोपऱ्यापलीकडे जातोय."

"तिथे काय आहे?"

"काम आहे. जमीन साधी सिमेंटची आहे."

मी म्हटलं, जा. दुसरं काय म्हणणार? तो गेल्यावर टेबलाचे खण उघडत बंद करत बसलो. त्याच्याशिवाय इथे गाडी कोण उघडणार? मला तेल बदलता येतं, पंक्चर काढता येतं आणि पावती फाडता येते. वडिलांनी हत्यारं त्याच्या हातात दिली होती आणि किल्ल्या माझ्या. मला आज पहिल्यांदा वाटलं की किल्ल्या हलक्या असतात.

२४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना बोलावलं. निदान फरशी तरी वाचावी.

ते आले, बूट काढले, गुडघ्यावर बसले. ठोकलं, कान लावला. "आतून ठणठणीत आहे," म्हणाले. "कुठे सुटलेली नाही. नुसती वरची कातडी गेली आहे. मुलगी उतरलीय हो साहेब."

"ब्रेक ऑइल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "ब्रेक ऑइलने फोड येतात, रंग मऊ पडतो. हे तसं नाही. हे कुणीतरी रोज, प्रेमाने केलेलं आहे. बघा ना, हाताचे गोल गोल वळसे दिसतात." आणि बोट फिरवून दाखवले. मला एकदम उकडायला लागलं.

"नोंदवही ठेवली आहे ना?"

"रोजची," मी म्हटलं. एवढीच एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी उरली होती.

"मग सोमवारी द्या. वही बघतो, मग हमीचं ठरवू."

वही! या वहीत काय काय आहे ते डॉक्टर गेल्यावर आठवलं. केस, केरसुणी, वर्तमानपत्र. ही वही कुणाला देता येणार नाही. उद्या एका नव्या वहीत स्वच्छ नक्कल करतो. फक्त देखभालीच्या ओळी.

२५ एप्रिल, शुक्रवार

चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर नक्कल करायला बसलो. ११ फेब्रुवारी, सौम्य साबण. १२ फेब्रुवारी, सौम्य साबण. २४ फेब्रुवारीला आलो. व्हिनेगरपाणी, एक बादली. ही भाजी निवडत समोर बसली होती.

"काय लिहिताय?"

"फरशीचा औषधोपचार," मी म्हटलं. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, आम्ल म्हणजे ॲसिडच ना? बॅटरीतलं?"

"बॅटरीतलं, लिंबातलं, व्हिनेगरमधलं. आंबट ते सगळं आम्ल."

"व्हिनेगर तर खायचं असतं."

"मग? पोटात जातं म्हणून ते सरबत झालं का?" तिने हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "अहो. माझ्या बाटल्या..."

मी सगळं सांगितलं. पहाटेचं, दुमडलेल्या पँटचं, सगळं. मला वाटलं ती चिडेल. ती हसायला लागली ती थांबेचना, डोळ्याला पदर लावला. "बावीस वर्षं या घरात फडक्याला हात लावला नाहीत आणि तिथे चाळीस बाटल्या ओतल्यात! अति तिथे माती म्हणतात, तुम्ही तर इपॉक्सीची केलीत!"

मग हसणं थांबलं. दोघांनाही एकदमच धाकटा आठवला.

नवी वही समोर होती. त्यात व्हिनेगरच्या जागी साबण लिहिला तर हमी मिळते, फरशी फुकटात होते आणि कुणाला काही कळत नाही. ब्रेक ऑइलचा आळ धाकट्यावर राहतो, आणि तो नाही तरी जाणारच आहे. हे सगळं माझ्या मनात आलं. खोटं कशाला लिहू? पेन टेकवलंही होतं. हिने नुसतं एवढंच विचारलं, "त्याचं ताट आज तुम्ही नेता का वर?"

मी पेनाला टोपण लावलं.

२६ एप्रिल, शनिवार

काल ताट नेलं, पण दारात ठेवून आलो. भेकडपणा. आज सकाळी वही घेऊन वर गेलो.

धाकटा पंखा खोलून बसला होता. मला बघून म्हणाला, "चपला बाहेर काढ. माझी फरशी आहे."

काढल्या. बसलो. तीनदा घसा खाकरला. मग एका दमात म्हणून टाकलं की ब्रेक ऑइल नव्हतं, व्हिनेगर होतं, मीच रोज पुसत होतो, तुझा काही दोष नाही.

त्याने स्क्रू डबीत टाकला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू पुसतोस ते. पहिल्याच आठवड्यात एकदा पान्हा विसरलो म्हणून लवकर आलो होतो. तू पाठमोरा होतास, पँट गुडघ्यापर्यंत, आणि गाणं म्हणत होतास. बेसूर. मी तसाच परत फिरलो." पुढे म्हणाला, "नंतर वास यायला लागला. आम्ल म्हणजे काय ते मला कळतं दादा, मी मेकॅनिक आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, गेली चकाकी तर गेली. फरशीच आहे."

मग विचारलं, "त्या दिवशी मी ओरडलो तेव्हा तरी सांगायचं."

"काकांसमोर?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "तू मोठा आहेस ना."

पंख्याची पाती त्याने फडक्याने पुसायला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डागाचं मला काही नाही. ओरडलास त्याचंही नाही, तू लहानपणापासून ओरडतोस. पण 'तू केलंस का रे' एवढं विचारलं असतंस. एवढ्या वर्षांत एकदा. तू सांगतोस, विचारत नाहीस."

हे खरं आहे. मी आठवून बघितलं, मला एकही उदाहरण सापडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा मी तीन आठवडे डागाचं कारण शोधत होतो, आणि हे तर त्याहून जुनं.

मी म्हटलं, "चुकलो." हा शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला. मग म्हटलं, "राहशील का?"

"सांगतोयस की विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग विचार करून सांगतो," म्हणाला आणि पंखा जोडायला लागला. मी खाली आलो. चपला वरच राहिल्या.

२८ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांना हीच वही दिली. जशीच्या तशी. त्यांनी चष्मा लावून गॅरेजच्या पायरीवर बसून सगळी वाचली. दोन ठिकाणी खांदे हलले. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"वीस वर्षांत पहिली खरी नोंदवही बघतोय," वही मिटून ते म्हणाले. "लोक सौम्य साबण, सौम्य साबण असं एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहून आणतात. हे हमीत बसत नाही साहेब, ते तुम्हालाही कळलंय. पण फरशी मरायला टेकलेली नाही. वरचा थर घासतो आणि नवा चढवतो. मी काय तुम्हाला सोडून जातोय थोडाच?" मग विचारलं, "या वेळी काय करायचं? चकचकीत की मॅट?"

मी तोंड उघडलं, मिटलं आणि धाकट्याकडे वळलो. "काय करायचं रे?"

तो बाहेर गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते. पाय क्षणभर हलायचे थांबले. मग गाडीखालून आवाज आला, "मॅट. ओल्या बुटाने घसरायला नको."

मला मॅट अजिबात आवडत नाही. सांगितलं नाही.

दिवसभर आत घासायचं यंत्र चालू होतं, म्हणून मीही फूटपाथवर होतो. धाकट्याला हत्यारं काढून देत होतो. बाराचा पान्हा मागितला, मी चौदाचा दिला. चौदाचा मागितला, बाराचा दिला. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाला, "तू नुसता उभा राहा. इकडे बॅटरीचा उजेड धर." टॅक्सीवाले काका कट्ट्यावर बसून सगळं बघत होते. मी त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "काका, फरशी मीच बिघडवली होती. याने नाही." काका म्हणाले, "अहो, ते मला तेव्हाच दिसत होतं. ब्रेक ऑइलचा डबा तर सीलबंद होता."

तीस तारखेचं त्याने अजून काहीही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. आधी विचारायची सवय नव्हती म्हणून विचारत नव्हतो, आता विचारायची भीती वाटते म्हणून.

२९ एप्रिल, मंगळवार

नवा थर चढला. वर्कशॉपचा मालक आज पुन्हा आला. या वेळी तो कशाला येतो ते मला माहीत होतं. धाकटा त्याच्याशी वळणापर्यंत बोलत गेला. परत आला तर तोंडावरून काही कळेना. ही म्हणाली, जेवण गेलं नाही ना तुम्हाला. मी म्हटलं, पोट बरं नाही. ती म्हणाली, आम्ल झालं असेल.

३० एप्रिल, बुधवार

डॉक्टर नवं कार्ड घेऊन आले. फरशी दारातूनच बघायची, अजून सहा दिवस पाय ठेवायचा नाही. तिघं दारात उभे होतो. फरशी करडी आणि गप्प दिसते. वाईट नाही.

"पुन्हा पाच वर्षं," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा अनुभव बघता मी एक रकाना वाढवला आहे. देखभाल करणाऱ्याचं नाव आणि सही. दर सहा महिन्यांनी मी येणार आणि त्याच माणसाला जाब विचारणार. पाच वर्षं तो माणूस इथेच पाहिजे, नाहीतर कार्ड रद्द."

मी खिशातलं पेन काढलं. धाकट्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू नको," म्हणाला. कार्ड दाराच्या चौकटीवर धरलं, नाव लिहिलं, सही केली.

डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षं हं. नीट वाचलंत ना?"

"वाचलंय," तो म्हणाला. "तिकडे कालच नाही म्हणून सांगून आलोय." मग माझ्याकडे वळला. "एक अट आहे. तू फरशीला हात लावायचा नाहीस. फडकं नाही, बादली नाही, बाटली तर नाहीच. आणि नोंदवही माझ्याकडे दे. देखभाल माझी तर नोंद माझी."

मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं. आता टेबलाशी बसून ही वही चाळतो आहे तेव्हा लक्षात येतं की तो हे सगळं वाचणार. पानं फाडायचा विचार आला. पण पानं फाडली तर नोंद अपुरी राहते.

तर धाकट्या, वाचतोच आहेस तर हे शेवटचंही वाच. २१ मार्चचं पान आधी वाच. ते तेव्हाच तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तुझे हात नसते तर हे गॅरेज म्हणजे चार भिंती आणि मी, एवढंच होतं. तू जाणार म्हणालास त्या दिवसापासून मला झोप नाही. हे तोंडाने बोलायला मला अजूनही जमणार नाही, म्हणून इथे लिहिलं. वाचलंस की त्यावर काही बोलू नकोस, मला अवघडायला होईल. फक्त रात्री जेवायला खाली ये. ताट मी वाढून ठेवतो.